चुलीखालचे ठोके

कॉव्हेंट्री, २ ऑक्टोबर १९३२

प्रिय नेस्ता,

अक्षर बघून घाबरू नकोस, शुद्धीवर आहे मी. शाळेत मास्तर म्हणायचे, इद्वल, तू लिहितोस की शाईत बुडालेली कोंबडी सोडतोस? त्यांचं शिकवणं पूर्ण व्हायच्या आत मी खाणीत गेलो, म्हणून अक्षर तिथंच राहिलं.

काम लागलं. मोटारींच्या कारखान्यात दारांना मुठी बसवतो. दिवसभर मुठी. एक दार उघडून आत बसेन तर शपथ. फाटकाबाहेर रोज माणसांची रांग असते, आतला कोणी शिंकला तरी त्याच्या जागी दुसरा उभा करतात. तेव्हा नाताळाआधी माझी वाट बघू नकोस. खोली बाई प्रॅटकडे आहे. ती कोबी इतका उकडते की तो कोबी होता हे तिला सांगावं लागतं.

तू उत्तरेकडची, समुद्रावरची. आमचं खाणीचं गाव, कूमहेलिग, तुला काळंकुट्ट वाटत असेल. पण अकरा नंबरचं घर आपलं आहे, हे विसरू नकोस. आळीतल्या खाणकामगारांनी घरं बांधायला मंडळ काढलं, नदीतले दगड पाठीवर वाहिले आणि चिठ्ठ्या टाकून घरं वाटून घेतली. आजोबांना अकरा नंबर निघालं. आई-बाबा गेले, आता तूच त्या घराची. आपलं पोरही तिथंच जन्मेल.

दोन-चार गोष्टी सांभाळ. कपडे सोमवारी धू, मंगळवारी वाळत घातलेस तर आळशी ठरशील. दाराची पायरी रोज घास, आमच्याकडे बाईची पारख पायरीवरून करतात, तोंड नंतर बघतात. रविवारी चॅपेलमध्ये प्रार्थनेला मागून तिसरा बाक आपला. आणि काही लागलं तर शेजारी बारा नंबरला ग्वेनी मावशी आहे. तिचा नवरा, हॉपकिन काका, बोलत नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. ते फक्त कबुतरांशी बोलतात.

मुठी बसवणारा तुझा,
इद्वल


कूमहेलिग, ९ ऑक्टोबर

प्रिय इद्वल,

सोमवारी कपडे धुतले, पायरी घासली, तिसऱ्या बाकावर बसले. तरी सगळ्या माना वळल्याच. माझं उत्तरेचं बोलणं ऐकायला पोरं दारात येऊन उभी राहतात. काठ्या टेकत आलेल्या त्या मार्था दोन-काठ्या म्हणाल्या, "पोरी, तू बोलतेस ती आपलीच भाषा ना? की बोटीतून उतरताना घशात पाणी गेलं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन थोडी रडले.

पण माणसं वाईट नाहीत. रोज सकाळी दार उघडलं की पायरीवर कोळशाची बादली भरलेली असते. कोण ठेवतं दिसत नाही. मावशीला विचारलं तर म्हणाली, "आळीत नवी सून आली, तिची चूल थंड राहील का? घे आणि जाळ." म्हणून जाळते. घर कसं उबदार झालंय. चुलीसमोर बसून बाळाची टोपी विणते आणि वाटतं, झालं, जमलं आपलं.

एकच सांगायचं होतं. चुलीखाली काहीतरी वाजतं. ठक, ठक, ठक. मग थांबतं. मग पुन्हा. आधी वाटलं उंदीर, पण उंदीर असा मोजून वाजवत नाही. तळवे फरशीवर टेकवले तर तळव्यांना कळतं. मावशी म्हणाली, ते ठेंगू, खाणीतली वीतभर माणसं, त्यांच्याही कुदळी असतात, चुलीशी पावाचा तुकडा ठेव म्हणजे त्रास देणार नाहीत. सांगताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

पाव ठेवला. सकाळी तसाच होता. वाजणंही तसंच.

मी भित्री नाही, तुला माहीत आहे. वादळात वडिलांची होडी ओढायला कमरेइतक्या पाण्यात उतरलेली मी. पण तिथं समोर दिसायचं, काय अंगावर येतंय ते.

नेस्ता


कॉव्हेंट्री, १३ ऑक्टोबर

नेस्ता,

ठेंगूंचं मनावर घेऊ नकोस. बाबांनीही खाणीत ऐकले होते. ते चांगले असतात, उलट कोळसा कुठं आहे ते दाखवतात. पोटुशी बाई दिवसभर एकटी बसली की भिंतीलाही तोंड फुटतं.

मला झोप नाही ती त्या बादलीमुळे. कंपनीनं खाण बंद केली त्याला दोन हिवाळे झाले. आळीत एकाही घरी काम नाही. मग नव्या सुनेच्या पायरीवर भरलेली बादली ठेवणारा हा दानशूर कोण? तो सोळा नंबरचा गोमेर असेल तर सरळ सांग. तुझ्यावर शंका नाही माझी. त्याच्यावर आहे. शाळेत असल्यापासून दुसऱ्याच्या डब्यावर डोळा त्याचा.

ती बादली घेऊ नकोस. मी पैसे पाठवतो, विकत घे.

कालपासून कारखान्यात माझ्या हातून दोन मुठी उलट्या बसल्या.

इद्वल


कूमहेलिग, १८ ऑक्टोबर

इद्वल,

तुझं पत्र वाचून चुलीत घालणार होते. मग आठवलं, चुलीतला कोळसाही तुझ्या मते गोमेरचा, म्हणून ठेवलं.

ऐक आता. बादली फक्त माझ्या पायरीवर नसते. आळीतल्या प्रत्येक पायरीवर असते. मी मुद्दाम उजाडायला खिडकीशी उभी राहिले. ठेवणारे तुझे हॉपकिन काका. मागून गोमेर आणि आणखी दोघे, तोंडं काळी, अंगावर ओला चिखल. काम नसलेल्या माणसांची तोंडं काळी कशानं होतात, ते मला विचारू नकोस, मी समुद्रावरची. पण एक सांग. तुमचे हे ठेंगू पुरुष घरातून बाहेर पडले की वाजवायला लागतात. जेवणाच्या वेळी थांबतात. आणि रविवारी अजिबात वाजवत नाहीत. चॅपेलमध्ये कुठल्या बाकावर बसतात ते?

हसण्यावारी नेतेय, पण मला भीती वाटते. मागच्या खोलीचं दार लागेनासं झालंय. टेबलावर अंडं ठेवलं तर ते आपणहून खिडकीकडे निघतं. चुलीच्या वर भिंतीला भेग पडलीय. तिच्यावर मी कागदाची पट्टी चिकटवली. दोन दिवसांत पट्टी मधोमध फाटली, जशी कुणी दोन्ही हातांनी धरून फाडावी.

हे मी चॅपेलच्या पायऱ्यांवर बायकांसमोर बोलले. बोलले मात्र, सगळ्या गप्प. मार्थाबाईंनी काठ्या उचलल्या आणि त्या चालू लागल्या. तेव्हापासून मी दुकानात शिरले की बोलणं थांबतं. पाव मागितला तर पाव मिळतो, शब्द मिळत नाही. आमच्याकडे पायाखाली वाळू असते आणि ती हलते हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथं दगड हलतो आणि कुणी बोलत नाही.

मला घराची जास्त भीती वाटते की माणसांची, ते ठरवता येत नाहीये.

नेस्ता


कॉव्हेंट्री, २१ ऑक्टोबर

नेस्ता,

गोमेरचं लिहिलं ते विसर. मी गाढव आहे.

हे पत्र वाचून झालं की जाळ. कुणाला दाखवू नकोस, मावशीलासुद्धा.

कोळसा काढताना सगळा काढत नाहीत. मधेमधे कोळशाचेच जाड खांब सोडतात, वरची जमीन त्यांच्यावर पेललेली असते. आपल्या वरच्या आळीखाली असा एक खांब आहे. बाबा तिथंच काम करायचे. म्हणायचे, आपण जेवतो, झोपतो, भांडतो, ते सगळं त्या एका खांबाच्या डोक्यावर. जुन्या बोगद्याचं एक तोंड डोंगराच्या बाजूनं उघडं पडलंय, हेही आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

काका आणि ते तिघे त्या खांबातून कोळसा काढतायत. आळीच्या चुली पेटत्या राहाव्यात म्हणून. तुझी चूल पेटती राहावी म्हणून. त्यांना वाटत असेल, एवढ्याशानं काय होतंय. उपाशी माणसाला पावाची कड कुरतडताना मधला भाग कधी संपला ते कळत नाही.

पोलिसांना सांगायचं नाही. चौघांना तुरुंग होईल, पोरं उघड्यावर पडतील आणि आळी आपल्याला कधी माफ करणार नाही. एकदा एकानं कंपनीला जाऊन चुगली केली होती. तो मेला तेव्हा खांदा द्यायला चार माणसं मिळाली नाहीत, हातगाडीवर नेला त्याला. मी बघितलंय.

तू उत्तरेला तुझ्या आईकडे जा. बाळंतपणाला म्हणून सांग, कुणाला काही वाटणार नाही. आजच जा. मी येऊ शकत नाही. आलो तर काम गेलं. काम गेलं तर आपणही त्याच बोगद्यात.

हे लिहिताना इथली फरशीसुद्धा मी दोनदा पायानं दाबून बघितली.

इद्वल


कॉव्हेंट्री, ३० ऑक्टोबर

नेस्ता,

उत्तर नाही. आईकडे पोचलीस का? तिकडेही लिहिलंय. स्वप्नात मी मुठी बसवतो आणि दारं उघडतात ती खाली उघडतात. एक ओळ लिही. नुसतं नाव लिहिलंस तरी चालेल.

इद्वल


कूमहेलिग, ९ नोव्हेंबर

प्रिय इद्वल,

रागावू नकोस. मी गेले नाही. आणि लिहिलं नाही, कारण जे करत होते ते पुरं होईल की नाही हे माहीत नव्हतं.

मी निघून गेले असते तर घर गेलंच असतं, आणि शेजारचं, आणि त्याच्या शेजारचं. आणि पोलिसांत जायचं नाही हे मला तू सांगायला नको होतं. मग मी एवढंच केलं. चूल विझवली. सकाळी पायरीवर बादली आली, ती उचलली नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी आली. दोन्ही तशाच, भरलेल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा. माझ्या धुराड्यातून धूर नाही, हे आळीनं दुपारपर्यंत पाहिलं असणार. तुमच्याकडे धूर थांबला म्हणजे घरात कुणी मेलं असं समजतात ना?

मावशी आली. शाल घट्ट आवळून उभी राहिली. म्हणाली, "चूल थंड का गं? पोटात लेकरू आहे तुझ्या."

मी म्हटलं, "म्हणूनच. माझ्याच घराखालचा कोळसा मला जाळायचा नाही, मावशी."

ती बराच वेळ बादल्यांकडे बघत राहिली आणि गेली. मी अंगावर असतील नसतील तेवढे कपडे घालून बसले. गार पाणी, गार पाव. रात्री दात वाजायचे, खालचे ठोके आणि वरचे दात. वाटायचं, उद्या कुणी खिडकीवर दगड मारेल. एका सकाळी पाहिलं तर मावशीच्या पायरीवरही बादली तशीच भरलेली. मग मार्थाबाईंच्या. त्यांनी काठी आडवी ठेवली होती बादलीवर, कुणी उचलू नये म्हणून. आठवडा संपेपर्यंत अख्ख्या वरच्या आळीतून धूर बंद. तोंडानं एक शब्द कुणी बोललं नाही.

मग हॉपकिन काका आले. टोपी काढली. त्यांनी टेबलावर एक अंडं ठेवलं. ते घरंगळलं. काठाशी त्यांनी झेललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा झेललं. म्हणाले, "आजपासून बंद." एवढंच. दुसऱ्या दिवशी चौघांनी बोगद्याचं तोंड दगडांनी बुजवलं. आता आळी डोंगरावर लाकूडफाटा वेचायला जाते, सगळ्या मिळून, आणि मला मधे घेऊन चालतात.

इद्वल, आता मी इथली झाले. शनिवारी सगळ्या बायका आपल्याकडे येणार आहेत. बाळासाठी गोधडी घालायची, ती ताणायची मोठी चौकट आपल्याच स्वयंपाकघरात मांडायची, कारण आपलं सगळ्यात ऐसपैस. मार्थाबाई मनुकांचा पाव आणणार. मी फाटा साठवून ठेवलाय, चांगला जाळ करीन.

ठोके अजून येतात. तुला म्हणून सांगते. पण आता ते वेगळे आहेत, मंद, कधीही येतात, रविवारीसुद्धा, सगळे पुरुष माझ्या डोळ्यांसमोर आळीत उभे असतानाही. मधेच जाड कापड फाडल्यासारखा आवाज. जमीन आपली जागेवर बसत असेल. मी कुणाला सांगितलं नाही. आत्ता कुठे माणसं बोलायला लागलीत, पुन्हा ठोक्यांचं नाव काढलं तर पुन्हा गप्प होतील, ते मला सोसणार नाही. पावाचा तुकडा तेवढा ठेवते.

आता तुझ्याच घरात सुखी,
नेस्ता


आगगाडीत, शनिवार, १२ नोव्हेंबर

नेस्ता,

पेन्सिलनं लिहितोय. हे टपालात पडणार नाही, हातानं देईन. हात रिकामे ठेवले तर मी दारातून उडी मारीन म्हणून लिहितोय.

माझा नेहमीचा अवलक्षणीपणा. सोमवारी बाई प्रॅटशी कोबीवरून भांडलो आणि दुसरी खोली घेतली. तुला कळवायचं राहिलं. तुझं पत्र तिनं घड्याळामागे खोचून ठेवलं. आज पहाटे मोजे आणायला गेलो तेव्हा मिळालं. मोजे तिथंच राहिले. कारखान्यात सांगितलंही नाही, फाटकावरून तसाच पुढे आलो. लावोत दुसऱ्याला.

माणसं नसताना जे वाजतं ते कुदळीचं नाही. तो खांब बोलतोय. भार पेलवेनासा झाला की कोळसा आतून तडकतो, आधी ठोके, मग कापड फाटल्यासारखं. बाबा म्हणायचे, ठोके ऐकलेस तर काम कर, कापड ऐकलंस तर पळ. आणि त्या खोलीत तू आळीतल्या सगळ्या बायका बसवणार. वर जाळ करून.

ग्लॉस्टरला गाडी बदलताना तार केली. घर सोडा, खांब फुटतोय, एवढंच. तारवाला पोऱ्या चढ चढताना गोट्या खेळत बसला तर? तू शिवताना तार नंतर वाचू म्हणालीस तर?

समोर बसलेली म्हातारी विचारते, पोरा, कुणी आजारी आहे का? मी म्हटलं, घर आजारी आहे. तिनं मला पेपरमिंटची गोळी दिली.

आता शेवटचं वळण. लहानपणी कुठूनही आलो तरी इथं उठून उभा राहायचो. धुराड्यांची रांग दिसायची, त्यात आपलं मोजायचो, धूर दिसला की आई आहे, चहा आहे. आज देवाकडे उलटं मागतोय. धूर नको दिसू दे. चूल थंड असू दे. सगळ्या बाहेर थंडीत कुडकुडत मला शिव्या देत असू देत.

वळलो. आळी दिसतेय.

धूर आहे, नेस्ता. पण धुराडं दिसत नाही.


कूमहेलिग, चॅपेलमागची खोली, ४ डिसेंबर

प्रिय इद्वल,

पुन्हा काम मिळालं हे वाचून बरं वाटलं. या वेळी मुठी नाहीत, काचा, म्हणजे निदान आरपार दिसेल. आम्ही अजून इथंच आहोत, सगळी वरची आळी या एका खोलीत, पडदे टांगून. मार्थाबाई घोरतात आणि सकाळी मला म्हणतात, पोरी, रात्रभर काय गं घोरत होतीस. गोधडी खड्ड्यात गेली, दुसरी मांडलीय. बाळ रात्री लाथा मारतं आणि मी दचकून फरशीवर तळवा टेकवते. ती सवय जाईल असं वाटत नाही.

हे पत्रही जाळ.

तू स्टेशनवर जाताना म्हणालास, काका लोभापायी मेले, दुसऱ्याच्या घराखाली चोरी करताना, आणि घर सोबत घेऊन गेले. मी गप्प बसले, कारण मलाही तेच वाटत होतं. सगळ्यांना वाटतं. चॅपेलमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना झाली तेव्हा अर्धे बाक उठले नाहीत. तोंड बुजवून शपथ घेतलेला माणूस, आणि घर पडलं तेव्हा तोंडाचे दगड काढून तोच खाली उतरलेला. दुसरं काय समजणार?

काल मावशीनं मला हाताला धरून बारा नंबरच्या परसात नेलं. जायला बंदी आहे, तरी. मागच्या दाराआड खिळ्यावर काकांची कुदळ टांगलेली. पात्याला तेल लावून, फडकं गुंडाळून. नंतर तिनं कबुतरखाना दाखवला. आपल्याला वाटलं तो हादऱ्यानं कोसळला. पण त्याचे चारही लाकडी सोट जागेवर नाहीत, इद्वल. मुळाशी पहारीच्या खुणा आहेत. आणि जाळीचं दार आधीच उघडून ठेवलेलं, पाखरं उडून जावीत म्हणून.

तार तिच्याच हातात आली होती त्या दिवशी. मी गोधडीच्या चौकटीशी सुईत दोरा ओवत होते. तिनं काकांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "एकदम ओरडू नकोस, सगळ्या एका दारात अडकतील. एकेकीला हळू काढ. पोरीला आधी. तोवर मी बाक आणतो, बाहेर बसायला." मावशीला बाक ऐकून बरं वाटलं म्हणे. मार्थाबाईंना दोघींनी उचलून बाहेर आणलं, त्यांच्या काठ्यासुद्धा. त्या शेवटच्या. नंतर घर गेलं. तेवढा वेळ ते कुणी धरून ठेवलं होतं, ते आता तुला कळलं.

मी विचारलं, मावशी, लोकांना सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, साहेब आले होते चौकशीला. बोगदा कुणी उघडला, किती जण होते. खाली टेकू लावायला गेला म्हटलं तर विचारतील, वाट बुजवली कुणी, तुला कसं माहीत, बाकीचे कोण. गोमेरची दोन पोरं आहेत. मेलेल्याला काय, अजून एक डाग. एकटाच चोर होता म्हटलं आणि साहेबांनी लिहून घेतलं.

तू जे म्हणालास ते परत घे. मोठ्यानं नको, मनात घे.

मी कॉव्हेंट्रीला येणार नाही. बाळ इथंच होईल, पडद्याआड, सगळ्यांच्या घोरण्यात. रोज सकाळी मावशी आणि मी खड्ड्याभोवतीच्या कुंपणापर्यंत जातो. कबुतरं परत आलीत, खड्ड्याच्या काठावर रांगेत बसतात, कुणी हाक मारायची वाट बघत. मावशी कुंपणाखालून पावाचा तुकडा आत सरकवते.

आज मी विचारलं, ठेंगूंना का?

ती म्हणाली, "ठेंगू कसला गं. सहा फुटी होता माझा."

नेस्ता